विकत घेतलेली गिऱ्हाइके

व्यापारात ज्या वस्तूंची देवघेव होते त्यांपैकी बहुतेक डोळ्यांना दिसतात, तराजूत तोलता येतात, निदान कुलपात तरी ठेवता येतात. परंतु एक वस्तू अशी आहे की, ती विकणाऱ्याच्या मालकीची नसते, घेणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात कधी येत नाही, आणि तरीही तिच्यासाठी रोख रक्कम मोजली जाते. ती वस्तू म्हणजे गिऱ्हाईक. चालू धंद्याची बांधलेली गिऱ्हाइके दुसऱ्याला विकण्याचा प्रघात अनेक देशांत आढळतो. मुंबईत घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा विक्रेता धंदा सोडताना आपली ‘लाईन’ दुसऱ्याच्या हवाली करतो आणि तिचे पैसे घेतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. मोठ्या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीतही हीच गोष्ट घडते. परंतु तेथे ती यंत्रे, इमारती आणि कर्जरोखे यांच्या गर्दीत दिसेनाशी होते. छोट्या धंद्यात ती उघडी पडते. या दृष्टीने अमेरिकेतील हिरवळ राखण्याच्या धंद्याइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. कारण तेथे विकायला गिऱ्हाइकांवाचून दुसरे जवळजवळ काहीच नसते.

घरापुढे कापलेल्या गवताचा गालिचा असावा ही कल्पना अमेरिकेने इंग्लंडकडून घेतली. गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग याने १८३० साली तयार केले. तोपर्यंत असा गालिचा राखणे विळ्यांनी आणि मेंढ्यांनी होत असे, आणि म्हणून ते फक्त जमीनदारांना परवडे. यंत्राने ती चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. शिकागोजवळील रिव्हरसाइड या उपनगराची आखणी १८६८ च्या सुमारास फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याने केली तेव्हा प्रत्येक घर रस्त्यापासून मागे सारून पुढे मोकळी हिरवळ ठेवण्याचे बंधन घातले गेले. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ वसलेल्या लेव्हिटाऊन या वसाहतीत तर आठवड्यातून एकदा गवत कापणे हे घरमालकाचे कर्तव्यच मानले गेले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपग्रहांच्या छायाचित्रांवरून, अमेरिकेतील घरे, बागा, मैदाने आणि गोल्फची क्रीडांगणे मिळून अशा हिरवळीचे क्षेत्र सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर असावे असा अंदाज करण्यात आला. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक भरते.

एवढे गवत कोणीतरी कापावे लागते. घरमालक दोघेही नोकरीवर जाऊ लागले, तसतसे हे काम बाहेरच्या माणसाकडे गेले. धंदा साधा आहे. एक मालट्रक, एक-दोन यंत्रे, दंताळे, कात्र्या, रबरी नळी आणि अंगात बळ, एवढ्या भांडवलावर तो सुरू होतो. माणूस ठराविक वारी येतो, अर्ध्या-पाऊण तासात गवत कापून, कडा सारख्या करून, पाचोळा गोळा करून जातो. उत्तरेकडील थंड राज्यांत हे काम वसंतापासून शरद ऋतूपर्यंतच चालते. हिवाळ्यात गवत बर्फाखाली असते. दक्षिण कॅलिफोर्नियात ते बारमाही आहे, आणि तेथे माळ्याला बहुधा महिन्याची ठराविक रक्कम मिळते. तेथील उन्हाळी गवतांपैकी एक प्रमुख गवत ‘बर्म्युडा ग्रास’ या नावाने ओळखले जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहिली जाणारी दूर्वाच. एका घरी पाणी आणि खत घालून तिची जोपासना होते, तर शेजारच्या फुलांच्या वाफ्यात शिरली की तिलाच तिकडे ‘सैतानी गवत’ म्हणतात. हरळीने शेत खाल्लेल्या कोणाही मराठी शेतकऱ्याला हे दुसरे नाव अधिक पटेल.

ज्या घरांचे काम एका माळ्याकडे असते त्या घरांच्या साखळीला लॉस एंजेलिसच्या परिसरात ‘रूट’ म्हणतात. हा रूटच विकला जातो. ही रीत कशी रुजली हे पाहण्यासारखे आहे, कारण तिच्या मुळाशी जमिनीची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात आलेल्या जपानी लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नव्हते, आणि ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परकीयांना शेतजमीन विकत घेण्यास राज्याने १९१३ च्या कायद्याने मनाई केली. १९२० साली ही बंदी आणखी कडक करण्यात आली. स्वतःची जमीन करता येत नाही म्हणून अनेकजण दुसऱ्याच्या जमिनीवरील गवत राखू लागले. अशा माणसाची मिळकत म्हणजे त्याची घरे: या गल्लीत चार, त्या गल्लीत सहा, आणि त्यांची किल्ली म्हणजे इतक्या वर्षांची ओळख. म्हातारपणी अथवा मायदेशी परतताना तो ती एखाद्या नव्याने आलेल्या देशबांधवाला विकत असे. कायद्याच्या कोणत्याही दप्तरात नोंद नसलेले ते एक प्रकारचे वतनच होते.

ते किती तकलादू होते याचा अनुभव १९४२ साली आला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम क्रमांक ९०६६ काढला, आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते, घरे सोडून मॅन्झानारसारख्या छावण्यांत राहावे लागले. ज्याच्याकडे दुकान होते त्याने ते मातीमोलाने का होईना विकले. रूट विकायलाही घेणारा लागतो, आणि त्याला घरोघर नेऊन ओळख करून द्यायला सवड लागते; त्या काही आठवड्यांत दोन्ही गोष्टी दुर्मिळ होत्या. युद्धानंतर परतलेल्यांपैकी पुष्कळांनी पुन्हा यंत्र आणि दंताळे हाती घेतले. ज्यांची पूर्वी शेती किंवा दुकाने होती असेही कित्येकजण या धंद्यात आले, कारण सर्वांत कमी भांडवलात सुरू होणारा धंदा हाच होता. १९५५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील माळ्यांचा महासंघ स्थापन झाला. पुढे त्यांची मुले शिकून अन्य व्यवसायांत गेली, आणि त्यांचे रूट उत्तरोत्तर मेक्सिकोहून आलेल्या माळ्यांच्या हाती गेले. यांपैकी कित्येकांनी आधी जपानी माळ्याच्या हाताखाली रोजंदारी केली होती. समाजशास्त्रज्ञांनी या माळ्यांच्या केलेल्या अभ्यासांत असे दिसून आले की, रोजंदारीवरचा मजूर आणि स्वतःचा रूट असलेला माळी यांच्या कमाईत मोठे अंतर असते. मजुराला ते अंतर ओलांडायचे असेल तर घरे एकेक करून जमवणे हा एक मार्ग आणि साठवलेल्या पैशातून रूट विकत घेणे हा दुसरा.

तेव्हा या सौद्यात एका मजुराची कित्येक वर्षांची शिल्लक गुंतलेली असते. ती नेमकी कशाच्या मोबदल्यात जाते? घर विकत मिळत नाही, घरातील माणूस तर नाहीच. महिन्याच्या महिन्यासाठी चालणाऱ्या या व्यवस्थेत लेखी करारही बहुधा नसतो. घरमालकाने ‘उद्यापासून येऊ नको’ एवढे म्हटले की खाते संपले. गिऱ्हाइकाला कोणी विचारलेलेही नसते. सोमवारी सकाळी फाटकाशी नेहमीच्या माणसाऐवजी दुसराच माणूस उभा दिसतो, आणि आपण विकले गेलो आहोत हे त्या घरच्या लोकांना तेव्हा कळते, किंवा कधीच कळत नाही.

इंग्लंडातील न्यायाधीशांना हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. १८१० साली लॉर्ड एल्डन यांच्यापुढे एका मालवाहू गाड्यांच्या धंद्याचा वाद आला. दिवाळे निघालेल्या मालकाचा धंदा लौकिकासह विकला गेला होता आणि त्याच मालकाने पुन्हा तोच धंदा मांडला होता. जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी येत राहतील ही संभाव्यता, यापलीकडे अशा विक्रीत काही नसते, असे एल्डन यांचे मत पडले, आणि त्यांनी जुन्या मालकाला अडवण्यास नकार दिला. ही व्याख्या घेणाऱ्याच्या दृष्टीने भीषण आहे. तिची धार १८९६ साली ट्रेगो विरुद्ध हंट या खटल्यात बोथट झाली. व्हार्निश तयार करणाऱ्या एका पेढीतील भागीदार, पेढीचा लौकिक आपल्या मालकीचा नाही हे ठाऊक असताना, कारकुनाकडून गिऱ्हाइकांची नावे आणि पत्ते उतरवून घेत होता. भागीदारी संपल्यावर त्याला स्वतंत्र धंदा काढण्याची मोकळीक आहे, परंतु जुन्या गिऱ्हाइकांच्या दारी जाऊन त्यांना ओढण्याची नाही, असा निर्णय लॉर्ड्‌सच्या सभागृहाने दिला.

याहून मनोरंजक, आणि माळ्याच्या धंद्याला अधिक लागू पडणारा विचार १९३४ सालच्या एका इंग्रजी निकालात आढळतो. त्यात न्यायमूर्ती स्क्रटन यांनी गिऱ्हाइकांची तुलना प्राण्यांशी केली. मांजर घराला चिकटून असते. घरधनी बदलला तरी ते तेथेच राहते. कुत्रा माणसाला चिकटून असतो आणि त्याच्यामागे जातो. उंदराला ना घराची माया ना माणसाची. जवळ पडते म्हणून येणाऱ्या सशाचीही त्याच खटल्यात या यादीत भर पडली. रूट विकत घेणाऱ्याला जर यादी मिळाली, तर त्या यादीतील नावांपुढे त्याने मनातल्या मनात हे प्राणी लिहून काढावेत. सकाळी सातला कामावर जाऊन संध्याकाळी परतणारे जोडपे, जे माळ्याला महिनोन्‌महिने पाहत नाही आणि टपालाने पैसे धाडते, ते मांजर होय. गवत वेळेवर कापलेले दिसले की ते समाधानी. एकटी राहणारी वृद्ध बाई, जी दर आठवड्याला माळ्याशी दहा मिनिटे बोलते, त्याला सरबत देते, त्याच्या मुलांची चौकशी करते, ती दुसऱ्या गटातली. जुना माळी गेला की ती बहुधा शेजारणीला विचारून तिचाच माळी ठेवील. दर वर्षी तिघांकडून दर मागवून सर्वांत स्वस्त माणूस नेमणारा घरमालक उंदरांत मोडतो, आणि त्याच्यासाठी एक पैसाही देण्यात अर्थ नाही. यातून एक विपरीत गोष्ट निष्पन्न होते. ज्या माळ्याने गिऱ्हाइकांशी सर्वांत जिव्हाळ्याचा संबंध जोडला, त्याच्याकडे विकण्याजोगे सर्वांत कमी असते. आणि ज्याला कोणी ओळखतही नाही त्याचा रूट हस्तांतराला सर्वांत सोयीचा ठरतो.

कुत्र्याचे मांजर करता येते काय? काही अंशी येते, आणि त्याला उपाय एकच आहे. विकणाऱ्याने दोन-तीन आठवडे घेणाऱ्याला बरोबर घेऊन फिरावे, प्रत्येक दारी ओळख करून द्यावी, ‘हा माझ्याच हाताखाली तयार झाला आहे’ असे सांगावे. जेथे घेणारा खरोखरच जुना मदतनीस असतो तेथे गळती फार कमी होते, कारण घरच्या लोकांनी त्याला पाहिलेले असते. विकणारा यादी हाती देऊन दुसऱ्या दिवशी बेपत्ता होणार असेल, तर त्या यादीची किंमत टेलिफोनच्या पुस्तकातील एका पानाहून फारशी अधिक नाही.

आता हिशेबाकडे वळावे. समजा, वीस घरांचा रूट आहे. प्रत्येक घराची महिन्याला चार खेपांची मजुरी १६० डॉलर, म्हणजे एका खेपेला ४० डॉलर. महिन्याची एकूण आवक ३,२०० डॉलर. किंमत सांगण्याचा प्रघात महिन्याच्या आवकेच्या पटीत असतो; विकणारा दोन महिन्यांची आवक, म्हणजे ६,४०० डॉलर मागतो असे धरू. घरटी ३२० डॉलर पडले. ही किंमत योग्य आहे की नाही, हे या आकड्यांवरून मुळीच सांगता येत नाही. त्यासाठी आधी नकाशा हवा. एका घराचे काम अर्ध्या तासाचे असेल आणि घरे एकमेकांना लागून असतील, तर दोन घरांमधला प्रवास तीन मिनिटांचा होतो. दहा तासांच्या दिवसात अठरा घरे होतात आणि ७२० डॉलर मिळतात. तीच घरे शहरभर विखुरलेली असतील आणि प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे मोडत असतील, तर दिवसाला तेराच घरे होतात आणि ५२० डॉलर हाती येतात. शिवाय पेट्रोल जळते ते वेगळेच. गाडी चालवण्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणून अनुभवी माळी दुसऱ्याचा मोठा विखुरलेला रूट घेण्यापेक्षा आपल्याच गल्लीतली चार घरे जास्त पैसे मोजून घेतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही. वीस घरांपैकी सात आपल्या वाटेवरची आणि तेरा आडवाटेची असतील, तर सातच मागावीत. विकणारा कबूल होत नसेल तर तेरांची किंमत शून्य धरून बोली करावी.

नकाशानंतर खातेवही. तोंडी सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम यांत तफावत असते, हे काही अमेरिकेचे वैशिष्ट्य नव्हे. मागील बारा महिन्यांत प्रत्येक घराकडून कोणत्या तारखेला किती पैसे आले हे बँकेच्या पुस्तकावरून पाहिले, तर तीन महिने उधारी थकवणारे घर लगेच नजरेत भरते. दुसरी खोच दरांत असते. ज्या घरी आठ-दहा वर्षे दर वाढवलेलाच नाही, ते घर कागदावर ‘जुने आणि विश्वासू’ दिसते. प्रत्यक्षात ते स्वस्तपणामुळे टिकलेले असते. नव्या माणसाने दर वाढवला की ते जाते, न वाढवला तर त्याच्या अंगावर पडते. यापेक्षाही मोठा प्रश्न असा की, ही घरे विकायला का काढली आहेत? माणूस सगळा रूट विकून निघून जात असेल तर गोष्ट निराळी. पण पन्नास घरांपैकी पंधराच विकत असेल, तर त्याने कोणती पंधरा निवडली असतील हे सांगायला नको. विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, अशा बाजारात चांगला माल मागे राहून वाईट पुढे येतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या उदाहरणावरून दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जुनी मोटार निदान मिस्त्रीला दाखवता येते.

या सर्व अनिश्चिततेवर व्यवहाराने जो तोडगा काढला आहे तो पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. वर घेतलेल्या उदाहरणात सगळे ६,४०० डॉलर पहिल्याच दिवशी दिले आणि दोन महिन्यांत पाच घरे गळाली, तर उरलेल्या पंधरा घरांची किंमत प्रत्येकी सुमारे ४२७ डॉलर झाली. तोटा सर्वस्वी घेणाऱ्याचा. निम्मी रक्कम इसारादाखल देऊन उरलेली दोन महिन्यांनी, टिकलेल्या प्रत्येक घरामागे १६० डॉलर या हिशेबाने द्यायची असे ठरले, तर एकूण ५,६०० डॉलर जातात आणि तोटा दोघांत वाटला जातो. टिकलेल्या घरालाच ३२० डॉलर, गळालेल्याला काहीही नाही, असे ठरले तर ४,८०० डॉलरांवर व्यवहार मिटतो. तिसरा प्रकार घेणाऱ्याला सर्वांत हिताचा वाटेल. परंतु विकणाराही त्याला एका गोष्टीची आठवण करून देऊ शकतो. नव्या माणसाने आठवडाभर उशीर केला, फुलझाडावरून यंत्र फिरवले आणि गिऱ्हाईक गेले, तर त्याची भरपाई जुन्याने का करावी? म्हणून मुदत फार लांबवू नये हे उचित. दोन-तीन महिन्यांत जे घर राहिले ते नव्या माणसाचे झाले आणि पुढे गेले तर त्याच्याच हाताने गेले, असे समजण्यास हरकत नाही. उत्तरेकडील राज्यांत मात्र ही मुदत हंगामात पडली पाहिजे. ऑक्टोबरात घेतलेल्या रूटवर दोन महिन्यांची मुदत घालणे म्हणजे बर्फाची परीक्षा घेण्यासारखे आहे. कोण राहिले आणि कोण गेले हे एप्रिलातच कळते.

दुसरा तोडगा म्हणजे विकणाऱ्याने ठराविक भागात, ठराविक काळ तोच धंदा करू नये असे बंधन. येथे कायद्याच्या इतिहासातील एक योगायोग सांगण्याजोगा आहे. न्यूयॉर्कचे विधिज्ञ डेव्हिड डडली फील्ड यांनी आपल्या राज्यासाठी दिवाणी संहितेचा मसुदा तयार केला होता. न्यूयॉर्कने तो स्वीकारला नाही. परंतु कॅलिफोर्नियाने १८७२ साली तो आपल्या संहितेचा आधार केला, आणि त्याच १८७२ साली संमत झालेल्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ ही त्याच मसुद्यावरून घेतले गेले. कोणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार दोन्हीकडे रद्दबातल ठरतो. आणि दोन्हीकडे धंद्याचा लौकिक विकणाऱ्या माणसाचा अपवाद केलेला आहे. त्याने घेणाऱ्याशी, विशिष्ट हद्दीत तसा धंदा न करण्याचा करार केला तर तो चालतो. त्यामुळे लॉस एंजेलिसचा माळी आणि पुण्याचा दुकानदार या एका बाबतीत एकाच लेखणीच्या छायेत आहेत. लौकिक म्हणजे काय याचा ऊहापोह आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या इरॉस चित्रपटगृहाशी निगडित कंबाटा कंपनीच्या प्रकरणात केला. १९६१ च्या निकालपत्रांत तो प्रसिद्ध आहे. जागेला महत्त्व आहे, परंतु सेवा, सचोटी, स्पर्धेचा अभाव अशा अनेक गोष्टी मिळून लौकिक बनतो, असे न्यायालयाने म्हटले. माळ्यांच्या सौद्यांत मात्र कायद्याचा हा अपवाद सहसा कागदावर उतरत नाही. व्यवहार पुष्कळदा तोंडी होतो. दोघांपैकी एकाजवळ देशात राहण्याची कागदपत्रे नसली, तर न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रश्नच मिटतो. मग उरते ती गावकीची भीती: दोघेही मेक्सिकोतील एकाच गावचे किंवा नात्यातले असले, तर शब्द मोडणाऱ्याची अब्रू तिकडेही जाते. नवख्या माणसाला हे संरक्षण नसते, आणि म्हणून त्याने निदान दोन ओळींचा कागद, घरांची यादी आणि साक्षीदाराची सही तरी मागून घ्यावी.

करवसुलीच्या खात्याला गिऱ्हाइकांचे मोल कसे करावे हे दीर्घकाळ उमगले नव्हते. यंत्र झिजते म्हणून त्यावर घसारा मिळतो. गिऱ्हाइके झिजतात काय? एका वृत्तपत्रसमूहाने १९७६ साली मिशिगन राज्यातील आठ वर्तमानपत्रे घेताना त्यांच्या वर्गणीदारांचे मोल ६ कोटी ७८ लक्ष डॉलर धरले आणि त्यावर घसारा मागितला. तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९३ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला की, अमुक वर्षांत हे वर्गणीदार गळून जातील असे आकडेवारीने सिद्ध केले, तर घसारा मिळाला पाहिजे. त्याच वर्षी तेथील संसदेने वादच मिटवला: विकत घेतलेली गिऱ्हाइके आणि लौकिक यांची किंमत सरसकट पंधरा वर्षांत विभागून वजा करावी असा नियम झाला. माळ्यालाही तो लागू आहे, जरी पंधरा वर्षे टिकणारे घर त्याच्या वाट्याला क्वचितच येते. भारतात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लौकिकावरील घसारा मान्य केला होता. २०२१ च्या वित्त अधिनियमाने तो काढून घेतला.

एवढी सर्व खबरदारी घेतली तरी एक धोका असा आहे की, तो विकणाऱ्याच्या किंवा गिऱ्हाइकाच्या स्वभावाशी संबंधित नाही. १९९८ साली लॉस एंजेलिस शहरात घरांजवळ पाने उडवणारी पेट्रोलची यंत्रे वापरण्यावर बंदी अमलात आली तेव्हा माळ्यांनी नगरभवनापुढे उपोषण केले. त्या यंत्राने अर्ध्या तासात होणारे काम दंताळ्याने पाऊण तासावर जाणार होते, आणि दिवसाची घरे तेवढी कमी होणार होती. २०२१ साली झालेल्या राज्याच्या कायद्यान्वये २०२४ पासून तशा लहान पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांच्या विक्रीलाच आळा बसला. रूटबरोबर मिळणारी जुनी यंत्रे वापरता येतात, परंतु ती मोडली की विजेवरची महाग यंत्रे घ्यावी लागणार, हे किंमत ठरवताना धरावे लागते. त्याहून खोल घाव दुष्काळाचा होता. एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा हुकूम काढला आणि ५ कोटी चौरस फूट हिरवळ काढून तेथे कमी पाण्याची झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या पाणीपुरवठा मंडळाने तर गवत काढणाऱ्या घरमालकाला चौरस फुटामागे दोन डॉलर देऊ केले, आणि अर्ज इतके आले की निधी संपला. ज्या घरापुढे गवताच्या जागी खडी आणि निवडुंग आले, ते घर सोडून गेले नाही. गिऱ्हाईक तेच, पत्ता तोच, यादीतील नावही तेच. फक्त तेथे माळी आठवड्याऐवजी महिन्याला एकदा लागू लागला. टिकलेल्या घरामागे पैसे द्यायचे, एवढेच ज्यांच्या सौद्यात ठरले होते, त्यांना असे घर टिकलेले मानायचे की गळालेले, हे आपसांतच मिटवावे लागले.